धूर नसलेलं धुपाटणं: इंडक्शनवर ऊद

१४ जुलै २०२४, रविवार

डॉक्टरांनी शुक्रवारी आजीला तपासून सांगितलं, घरात धूर नको. उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, धूप तर अजिबात नको. आजीने मान डोलावली, घरी आली आणि दिवेलागणीला निखाऱ्यावर ऊद टाकला. मी ओरडलो तर म्हणते, "अरे, धूर नको म्हणाले ते. हा ऊद आहे."

ह्यावर वाद घालून उपयोग नाही. लग्न होऊन इंदूरला आल्यापासून तिची एक संध्याकाळ उदाशिवाय गेलेली नाही. तेव्हा वास ठेवायचा आणि धूर काढायचा, असं काहीतरी करायला हवं.

विचार असा: पेटलेला कोळसा पाचशे-सहाशे अंशांच्या वर असतो. त्यावर राळेचा खडा पडला की थोडा भाग उडून वास देतो आणि बाकीचा सरळ जळतो. वासाला एवढी आच लागतच नाही. वाटी दीडशे अंशांच्या आसपास धरून ठेवता आली, तर जळण्याचा प्रश्न यायला नको.

मग साधी नाइक्रोमची तार किंवा सोल्डरिंग आयर्नचं एलिमेंट का नाही? चालेल. पण ऊद वितळून वाटीला डिंकासारखा चिकटतो. वाटी रोज उचलून घासता यायला हवी, म्हणजे तिला तारा नकोत. इंडक्शनमध्ये वाटी सुटी राहते, तापते ती फक्त वाटी, आणि बंद केलं की लगेच उतरायला लागते. हे झालं घरच्यांना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे इंडक्शनवर काहीतरी करायची हौस दोन वर्षांपासून होती.

१७ जुलै, आषाढी एकादशी

महाराणी रोडवरून १२ व्होल्टचं झेडव्हीएस मॉड्यूल आणलं, म्हणजे इंडक्शनची कॉइल चालवणारं तयार सर्किट, १२० वॉटवालं. दोन मॉस्फेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर), दोन चोक (प्रवाहाचा झटका अडवणाऱ्या कॉइली), सहा कपॅसिटर, बस्स. हा रॉयर ऑसिलेटरचाच रेझोनंट अवतार, शौकीन लोक ह्याला माझिली ड्रायव्हर म्हणतात. कपॅसिटर ०.३३ मायक्रोफॅरडचे, सहा मिळून दोनच्या आसपास. मोटार वाइंडिंगवाल्याकडून दोन मिलिमीटरची तांब्याची तार घेतली आणि पाच सेंटिमीटर व्यासाचे सहा वेढे घातले. हिशेबाने इंडक्टन्स १.९ मायक्रोहेन्री, म्हणजे फ्रिक्वेन्सी ८० किलोहर्ट्झच्या थोडी वर. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर ८४ दिसली. हिशेब आणि स्कोप इतके जवळ आल्याचं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

आजीच्या पितळी धुपाटण्याचा वरचा वाडगा कॉइलमध्ये बसवला. तीन मिनिटांत वाडगा ६१ अंश. कॉइलला मात्र हात लावता येईना.

हे व्हायचंच होतं, पण करून बघितल्याशिवाय राहवत नाही. एवढ्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह धातूच्या आत शिरत नाही, पृष्ठभागालगतच वाहतो. पितळेत तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत भरतो. चुंबक चिकटणाऱ्या स्टीलमध्ये तो एक दशांश मिलिमीटरवर येतो, शिवाय स्टीलचा रोध पितळेच्या आठ-नऊपट. दोन्ही मिळून स्टीलचा पृष्ठभाग त्याच चुंबकीय क्षेत्रात चाळीसेक पट जास्त अडवणूक करतो, आणि अडवणूक म्हणजेच उष्णता. पितळ चांगलं वाहक आहे, हाच त्याचा इथे दोष.

आजीला सांगितलं की पितळ चालणार नाही. ती म्हणाली, "मग ते यंत्रच चालणार नाही म्हण की." उपासाची खिचडी खाऊन गप्प बसलो. (आमच्याकडे खिचडी पुण्याच्या पद्धतीची, वर फरियाली मिक्स्चर टाकलेलं आजीला चालत नाही. साठ वर्षं इंदुरात राहूनही नाही.)

२१ जुलै, रविवार

राजवाड्याजवळ बर्तन बाजारात चुंबक घेऊन गेलो. दुकानदाराने आधी चांगल्या वाट्या काढल्या. चुंबक चिकटेना. म्हणजे १८-८ चं स्टील, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. निकेलमुळे त्याची स्फटिकरचना बदलते आणि चुंबकत्व जातं. मला निकेल नसलेलं हवं होतं. "भैया, चुंबक वाला तो हलका माल है, वो क्यों ले रहे हो?" मला हलकंच द्या म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खालच्या टोपलीतून चटणीच्या सहा वाट्या काढून दिल्या. वजन प्रत्येकी ३८ ग्रॅम.

कॉइल आणि वाटीच्या मध्ये अभ्रकाचा पत्रा गुंडाळला. इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. खाली लादीचा तुकडा.

हिशेब: ३८ ग्रॅम स्टील २८ वरून १४० अंशांवर न्यायला साधारण २,१०० ज्यूल. मॉड्यूल वाटी असताना साडेसहा अँपियर ओढतं, म्हणजे ७८ वॉट. त्यातले पन्नास जरी वाटीत गेले तरी पाऊण मिनिटाच्या आत काम व्हावं. पाण्याचा थेंब टाकून बघितला, अर्ध्या मिनिटात चुर्र झाला. आनंद.

२८ जुलै, रविवार

बोर्ड जळाला.

घरात पडलेला १२ व्होल्ट ५ अँपियरचा अडॅप्टर लावला होता, कारण मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुतणीच्या एलईडीच्या प्रोजेक्टला गेला होता. बटण दाबलं, कॉइलचा नेहमीचा बारीक आवाज आला नाही, आणि दोन सेकंदांत एका मॉस्फेटमधून धूर. धूर घालवायच्या प्रकल्पातला आजवरचा सगळ्यात मोठा धूर. आजी आतून म्हणाली, "लावलास का ऊद?"

ह्या सर्किटची ही जुनी खोड आहे. दोन मॉस्फेट आळीपाळीने चालतात, एक चालू झाला की तो दुसऱ्याचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, खाली ओढतो. पण सुरुवातीला व्होल्टेज झटक्यात यायला हवं. पुरवठा दुबळा असला तर भाराने व्होल्टेज खाली बसतं, दोन्ही मॉस्फेट अर्धवट चालू राहतात, झोका सुरूच होत नाही आणि सगळा प्रवाह दोघांतून सरळ जमिनीला. चोक भरले की मग तो शॉर्टच.

दुसरी गोष्ट लिहून ठेवतो, कारण परवा २४ व्होल्ट देऊन बघायचा मोह झाला होता. टँकवरचं, म्हणजे कॉइल-कपॅसिटरच्या जोडीवरचं, शिखर व्होल्टेज पुरवठ्याच्या π (३.१४) पट असतं. १२ ला ३८ व्होल्ट, २४ ला ७५. ह्या बोर्डावरचे मॉस्फेट, आयआरएफझेड ४४ एन, फक्त ५५ व्होल्टचे. मोह टाळला तो बरा.

नवं मॉड्यूल, आणि १२ व्होल्ट १५ अँपियरचा एसएमपीएस फक्त ह्यालाच. पुतणीला सांगितलं आहे.

चालू-बंद करायची पद्धतही बदलली. आधी रिले (विजेने हलणारा स्विच) पुरवठाच तोडत होता, त्याचे टप्पे उडताना तेच दुबळं व्होल्टेज मिळायचं. आता पुरवठा कायम लावलेला, आणि दोन्ही गेट एकेका डायोडमधून एका छोट्या ट्रान्झिस्टरने खाली ओढून धरलेली. ट्रान्झिस्टर सोडला की झोका सुरू. मागे ताठ एसएमपीएस असल्यामुळे दोनशे वेळा चालू-बंद करूनही अडला नाही. रिले ठेवला आहे, पण तो आता फक्त अडीअडचणीचा.

४ ऑगस्ट, रविवार

तापवणं झालं. आता मोजणं. मला वाटलं होतं, हा एका दुपारचा उद्योग.

के प्रकारचं थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक), त्याचं तापमान वाचणारी मॅक्स ६६७५ चिप, आणि प्रोग्राम चालवायला अर्डुइनो नॅनो. कॉइल बंद असताना २९.२५, अगदी शहाण्यासारखं. कॉइल चालू केली: ३१, ४१२, ०, १८७, "तार तुटली", ९६. थर्मोकपल एका अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देतं, आणि शेजारी पंचवीस-तीस अँपियर ८४ किलोहर्ट्झने थैमान घालत आहेत. कुजबूज ऐकायला वरातीत उभं राहण्यासारखं आहे हे.

तारा पीळ देऊन बघितल्या. फेराइटचं कडं घातलं. ०.१ चा कपॅसिटर लावला. आकडे जरा सभ्य झाले, खरे झाले नाहीत.

त्यातून आणखी एक: के थर्मोकपलची एक तार, अलुमेलची, स्वतःच चुंबकाला चिकटते. लावून बघितलं, खरंच चिकटते. म्हणजे ती कॉइलच्या पोटात स्वतःच तापणार आणि वाटीचं म्हणून स्वतःचं तापमान सांगणार.

दुरून मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर मित्राने दिला होता. चकचकीत स्टीलकडे बघून तो खोलीचंच तापमान सांगत बसतो, कारण चकचकीत धातू स्वतः फार कमी प्रारण सोडतो आणि समोरच्याचंच परत फेकतो. वाटीला बाहेरून काळा रंग द्यावा तर आजी ती देवापुढे ठेवू देणार नाही. परत केला.

११ ऑगस्ट, रविवार

सुटलं. वरात थांबली की ऐकायचं.

दोन सेकंदांचं एक आवर्तन केलं. जास्तीत जास्त दीड सेकंद कॉइल चालू, शेवटचा अर्धा सेकंद सक्तीने बंद. त्या अर्ध्या सेकंदात मोजायचं. तरी पहिला आकडा वेडाच येत होता आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग मॅक्स चिपची डेटाशीट नीट वाचली. ही चिप सांगितल्यावर मोजत नाही. ती स्वतःच सतत मोजत असते आणि आपण विचारलं की शेवटचं मोजलेलं देते. ते शेवटचं माप कॉइल चालू असतानाचं! एका मापाला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात. म्हणून आता: कॉइल बंद, १०० मिलिसेकंद थांब, एकदा वाचून फेकून दे (त्याने नवं माप सुरू होतं), २५० मिलिसेकंद थांब, मग खरं वाच.

आकडे: ८८.५०, ८९.२५, ८९.७५. अख्खा रविवार गेला आणि मी स्क्रीनकडे बघत चहा थंड केला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. झेंडावंदन करून आलो आणि पाणी उकळायला ठेवलं.

बर्फाच्या पाण्यात सेन्सर ०.७५. उकळत्या पाण्यात १००.२५. वर वर छान वाटतं, पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या जरा वर उकळतं. म्हणजे सेन्सर दोन अंश चढा सांगतो. शून्याला पाऊण, अठ्ठ्याण्णवला दोन. प्रोग्राममध्ये दुरुस्ती घातली.

शेजारचे काका विचारत होते, एवढं पाणी उकळतोयस, कोणी आजारी आहे का.

१८ ऑगस्ट, रविवार

शंभरच्या वरचा एक बिंदू हवा होता. सोल्डर आठवलं. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं, हा मिश्रधातू १८३ अंशांना एकदम वितळतो, मधली चिखलाची अवस्था नसते. एका वाटीवर लाल रंगाची खूण केली (शिसं लागलेली वाटी, ना स्वयंपाकघरात जाईल ना देवघरात), तळाशी सोल्डरचा मुगाएवढा तुकडा ठेवला, खिडकी उघडली.

तुकडा लखकन वितळला तेव्हा स्क्रीनवर १६४.

पुन्हा. १६७. सावकाश, दहा मिनिटं घेऊन चढवलं तर १७६.

म्हणजे सेन्सर चुकत नाही, तो वाटीला नीट टेकतच नाही. वाटीच्या तळाला थर्मोकपलचं टोक बॉलपेनच्या स्प्रिंगने दाबून धरलं होतं. वाटी जरा तिरकी बसली की टोक आणि तळ ह्यांच्यात हवा. त्यावर कडी म्हणजे ती स्प्रिंग. स्टीलची. कॉइलच्या खालच्या टोकाशी ती स्वतःच तापत होती, त्यामुळे सुरुवातीला आकडा चढा आणि नंतर उतरता. मीच बसवलेला साक्षीदार, तोच फुटला.

आता स्प्रिंग कॉइलपासून चार सेंटिमीटर खाली. टोकापर्यंत तारा चिनी मातीच्या मण्यांतून वर, हीटरच्या तारेला घालतात तेच मणी. वाटी नीट मध्यावर बसावी म्हणून लादीला तीन खुंट्या. सोल्डर वितळताना: १८०, १८१, १७९. इतकं पुरे.

२५ ऑगस्ट, रविवार

नियंत्रण. साधं चालू-बंद लावलं तर १४० सांगितल्यावर वाटी १७१ ला जाऊन आली. कॉइल वाटीच्या कडा तापवते, सेन्सर तळाला आहे, बातमी उशिरा पोचते. पीआय लावला, म्हणजे आत्ताची चूक आणि आजवरच्या चुकांची बेरीज बघून ताकद ठरवायची, तर पहिल्या चढाईतच बेरजेचा भाग फुगून बसला आणि वाटी तशीच वर. मग बेरीज लक्ष्याच्या १५ अंश जवळ आल्यावरच सुरू केली, आणि तिथून पुढे ताकद एक तृतीयांशाच्या वर जाऊ दिली नाही. आता १४० ला तीन अंश इकडे किंवा तिकडे. वर पोचायला मिनिटभर लागतं. उदाला ह्याहून जास्त अचूकता कशाला हवी.

अडीअडचणीचे तीन बंदोबस्त: सेन्सरची तार सुटली तर बंद, १२ मिनिटांनी काहीही असलं तरी बंद, आणि २०० अंशांच्या वर रिले पुरवठाच तोडतो. मॉस्फेट जळून शॉर्ट झाला तर प्रोग्रामचं कोण ऐकतं, म्हणून तिसरा.

१ सप्टेंबर, रविवार

सियागंजातून शंभर ग्रॅम ऊद. पहिला खडा, अर्धा ग्रॅम.

९० ला मऊ पडला. ११० च्या पुढे वास यायला लागला, गोडसर, बराचसा व्हॅनिलासारखा. उदात खरंच व्हॅनिलिन असतं. १४० ला सगळी खोली भरली. धूर नाही. टॉर्च आडवा धरून बघितला, उजेडात जेमतेम धुकं. मुद्दाम १९० ला नेलं, तेव्हा पिवळट धूर आणि ओळखीचा करपट वास.

आजी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वास खरा आहे. पण हा सकाळचा वाटतो, संध्याकाळचा नाही." करपटपणा कमी आहे असं तिला म्हणायचं असावं. हे कोणत्याही सेन्सरने सांगितलं नसतं.

४ सप्टेंबर, बुधवार

आजीने माझ्या नकळत वाटीत कापराची वडी ठेवली. तिची सवय, उदाबरोबर कापूर. नशीब, पुतणीने बघितलं आणि बटण बंद केलं. कापूर सत्तर अंशांच्या आतच पेटाऊ वाफ सोडायला लागतो. तापलेली वाटी, वर झाकण, शेजारी निरांजन. डब्यावर मोठ्या अक्षरात चिकटवलं: कापूर नको. आजी म्हणाली, माझा चष्मा कुठे असतो संध्याकाळी. मग तोंडी वचन घेतलं. गणपतीच्या आरतीचा कापूर आरतीतच.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

प्राणप्रतिष्ठा झाली, यंत्र देवाशेजारी पाटावर. १४० अंश, दहा मिनिटं, खडा नेहमीपेक्षा मोठा, कारण सण. धूर नाही. काका, काकू, शेजारचे, सगळ्यांनी कौतुक केलं.

आरती अर्ध्यावर असताना आजी खोकायला लागली. मलाही घशात खवखवलं.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

रात्रभर डोक्यात तेच. धूर नाही तर खोकला कशाचा?

सकाळी काचेचं झाकण बघितलं. आतून पांढऱ्या, बारीक, चमकणाऱ्या सुया, गोठल्यासारख्या. बोटाला लावून हुंगलं तर घसा पुन्हा धरला. बेन्झोइक आम्ल. राळ तापवली की ते उडतं आणि गार काचेवर थेट स्फटिक होऊन बसतं. सोळाव्या शतकात युरोपात लोकांनी हे आम्ल पहिल्यांदा मिळवलं ते असंच, ऊद तापवून. ते १२२ अंशांना वितळतं आणि त्याची वाफ नाकाघशाला झोंबते. मी १४० वर दहा मिनिटं ती वाफ खोलीत सोडत होतो, अगदी तीन अंशांच्या अचूकतेने.

महिनाभर मी वाटीचा अंश न् अंश पकडत होतो, आणि १४० हा आकडा मुळात आला कुठून? पहिल्या दिवशी अंदाजाने लिहिला होता, "दीडशेच्या आसपास".

१५ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर रोज वेगळा आकडा, खोली तीच, खिडकी उघडी, आजी आत नाही. काचेचं झाकण ठेवून सुया बघायच्या. १३० ला भरपूर. १२० ला कडेला थोड्या. ११५ ला दहा मिनिटांनी धुक्यासारखा पुसट थर. १०५ ला पाच मिनिटांत काही दिसलं नाही. वासही कमी, पण देवघरापुरता पुरतो. पाच मिनिटं तापवून बंद केलं की वाटी निवेपर्यंत वास रेंगाळतो.

हे सगळं डोळ्यांनी केलेलं आहे, प्रयोगशाळा नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, यंत्र छान आहे, आजींना ते चालू असताना बाहेरच्या खोलीत बसवा. बरोबर आहे.

आता लक्ष्य १०५, वेळ पाच मिनिटं, खडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. वरचा बंदोबस्त २०० वरून १३० ला आणला.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जन. आजी बाहेरच्या खोलीतून आरती म्हणत होती, दार उघडं. खोकली नाही. रात्री पुतणीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला नेलं, दोनला परत. यंत्रातल्या पंख्याचा आवाज जास्त येतो, मोठा आणि सावकाश फिरणारा बघायला हवा.

६ ऑक्टोबर, रविवार

पंखा बदलला. वाट्या आता तीन, आजी त्या राखेने घासते, त्यामुळे तळाला ओरखडे आहेत पण सेन्सरचं काही बिघडत नाही.

वडोदऱ्याहून मावशीचा फोन. आजीने तिला सगळं सांगितलेलं दिसतं, यंत्र, सुया, माझा जळालेला बोर्ड, सगळं. तिलाही एक हवं आहे, दिवाळीच्या आत, आणि वाटी तिच्या घरचीच वापरायची आहे, तिच्या आईची, म्हणजे आजीचीच, चांगली जड. म्हटलं, मावशी, आधी फ्रिजवरचं चुंबक काढ आणि वाटीला लावून बघ.

फोनवर खण्ण आवाज आला. "पडलं रे खाली."